सांबऱ्याची लाईन

उद्यमबागेतल्या त्या कारखान्यात साचे भरायच्या दोन लाईनी होत्या. कागदावर त्यांना ए आणि बी म्हणत, पण गेटवरच्या वॉचमनपासून मालकांपर्यंत कुणाच्याच तोंडात ती अक्षरं बसली नव्हती. एक जुनी लाईन आणि दुसरी सांबऱ्याची लाईन. काम दोन्हीकडं एकच. वाळूचे साचे भरायचे, भट्टीतलं लोखंड त्यात ओतायचं, निवल्यावर साचा फोडून आतला भाग बाहेर काढायचा. पण सांबऱ्याच्या लाईनीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच गावची माणसं होती, आणि ती सगळी भरमू आण्णानं आणलेली होती.

सांबरा म्हणजे बेळगावच्या विमानतळाला चिकटलेलं गाव. उद्यमबाग शहराच्या पार दुसऱ्या अंगाला. गावातनं सकाळची बस धरायची, शहरातल्या मोठ्या स्टँडवर, सीबीटीवर उतरायचं, तिथनं दुसरी बस. मिसरूड फुटत होतं तेव्हा भरमू या वाटेनं पहिल्यांदा गेला, तो एकटाच. वर्षं सरत गेली तशी त्याच्या शेजारची सीट भरली, मग मागची, मग पुढची, आणि शेवटी त्या बसला कंडक्टरसुद्धा 'भरमू आण्णाची गाडी' म्हणायला लागले. हेल्पर म्हणून लागलेला भरमू लाईनीचा मिस्त्री झाला. शिक्षण सातवी. आवाज असा, की भट्टीच्या घरघरीतही लांबवर ऐकू जावा, आणि घरी आल्यावर बायकोनं, नागुबाईनं म्हणावं, "अवं हळू बोला की. मी काय भट्टी हाय व्हय?"

रविवारी सकाळी भरमूच्या सोप्यात कुणी ना कुणी आपल्या पोराला घेऊन बसलेलं असायचं. "आण्णा, एवढं बगा की ह्याचं." भरमू मार्कलिस्ट बघत नसे. पोराला एवढंच सांगायचा, "उद्यापासनं सकाळच्या बसला स्टॉपवर येऊन हुबा ऱ्हा. गाडीत चढू नगंस. निस्ता हुबा ऱ्हा, आठवडाभर."

"आणि मग?"

"मग बगू."

निम्मी पोरं दोन-तीन दिवसांत गळायची. थंडीच्या दिवसांत तर जास्तच. पण जो टिकायचा, त्याचा दंड धरून पुढच्या सोमवारी भरमू त्याला पायरीवर ओढून घ्यायचा. कारखान्यात कुणी त्या पोराला काही विचारत नसे. भरमूनं आणलाय, एवढं पुरायचं. पोरगा गैरहजर राहिला तर संध्याकाळी भरमू त्याच्या दारात हजर. गावात सोयरीक जुळवतानासुद्धा 'पोरगा भरमू आण्णाच्या हाताखाली हाय' म्हटलं, की मुलीकडचे पुढचं फारसं विचारत नसत.

इंदुताई आली तेव्हा मात्र भरमू जरा गडबडला होता. तिचा नवरा पोटाच्या दुखण्यानं गेलेला, पदरी दोन पोरी. ती कुणाला मध्यस्थ न घेता स्वतःच सोप्यात येऊन बसली. "बाईमाणसाचं काम न्हाय ते ताई," भरमू म्हणाला. ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टॉपवर बघतो तर इंदुताई डबा घेऊन उभी. आठवडाभर रोज उभी. मग भरमूनंच साहेबांच्या मागं लागून कोअरच्या खात्यात बायका घ्यायला लावल्या. लोखंडाच्या भागाला आतून पोकळी ठेवायची असली, की साच्यात वाळूचा घट्ट ठोकळा बसवतात, त्याला कोअर म्हणतात. हाताला सफाई लागते. इंदुताईचे ठोकळे असे उतरायचे, की साहेब लोक पाहुण्यांना दाखवायला आणायचे. तिच्या मागनं गावातल्या आणखी बायका आल्या.

भरमूचा मुलगा रविराज आयटीआय करून त्याच लाईनीवर मशीन चालवायला लागला. बहिणीच्या मुलीचा, करिष्माचा नवरा विक्रमही तिथंच आला. म्हणजे घर, भावकी, गल्ली, सगळं त्या एका छपराखाली. भरमूला त्याचा अभिमान होता, आणि तो अभिमान त्यानं कधी लपवला नाही.

श्रावणात गोष्ट सुरू झाली. तयार माल आवारात साठायला लागला. आधी शेडच्या कडेला, मग लिंबाच्या झाडाखाली निळी ताडपत्री घालून, मग चालायच्या वाटेवर. लाईनीवरची पोरं खूश होती, बघा किती माल काढला म्हणून. भरमूला मात्र कंटेनर घेऊन जाणारी गाडी बरेच दिवस दिसली नव्हती. ओव्हरटाईम थांबला. शनिवारची सुट्टी लागली. गणपतीचं सामान उतरत होतं त्या सुमारास नागेंद्र साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

नागेंद्र साहेब म्हणजे मालकांचा मुलगा, तिशीतला. लहानपणी सुट्टीत कारखान्यात यायचा तेव्हा भरमूनं त्याला वाळूचे हत्ती करून दिले होते. "बरी आण्णा, कूडरी," या, बसा म्हणत त्यानं खुर्ची पुढं केली. भरमू बसला नाही.

"आण्णा, अमेरिकेनं आपल्या मालावर कर वाढवलाय. तिकडचा बायर म्हणतोय, या भावात नको. बंदरावर गेलेला मालसुद्धा पडून आहे."

"आमचं काम खराब हाय काय साहेब? माल रिजेक्ट झालाय?"

"छे. माल एक नंबर आहे. तो स्वतः म्हणतोय."

भरमूला हेच कळेना. माल खराब असता तर तो चार दिवस लाईनीवरनं हलला नसता. वाळू तपासली असती, पाणी तपासलं असतं, पोरांना शिव्या घातल्या असत्या, आणि खोट काढून दाखवली असती. चांगल्या मालाचं काय दुरुस्त करायचं?

"किती दिवस चालंल ह्ये?"

"तेच कुणाला माहीत नाही." नागेंद्र साहेब टेबलावरचा पेन फिरवत राहिला. "अर्धी लाईन बंद करावी लागणार. कुणाला ठेवायचं ते तुम्ही सांगा आण्णा. तुमची माणसं आहेत, तुम्हाला कळतं."

त्या दिवशी बसमध्ये पोरं गणपतीच्या मंडपावरनं भांडत होती. भरमू खिडकीला डोकं लावून बसला. घरी येऊन त्यानं पाय धुतले, चहा घेतला, आणि नागुबाईला सांगितलं, "काडायच्यांत पयलं नाव रविराजचं."

नागुबाईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "पोटच्या पोराचं?"

"त्याला ठिवला तर बाकीच्यांच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ?"

"आणि विक्रमचं?"

"विक्रम ऱ्हाऊ दे. करिष्मा पोटुशी हाय."

रविराज आतल्या खोलीत होता. सगळं ऐकून तो बाहेर आला. "आप्पा, माझं काम खराब हाय काय?"

भरमूनं मान हलवली. "न्हाय रं. तुझं काम चांगलं हाय."

रविराजनं पायात चपला घातल्या आणि तो बाहेर पडला. जेवायला आला नाही.

बाकीची नावं ठरवताना भरमूची भूक मेली. ज्याचं लग्न नुकतं झालंय तो, का ज्याचा बाप अंथरुणाला खिळलाय तो? एखाद्या नावावर तो थांबायचा, मग त्या पोराची आई डोळ्यांपुढं यायची, आणि तो दुसरं नाव घ्यायचा. त्या दुसऱ्यालाही आई होतीच. शेवटी ज्यांच्या घरी थोडीतरी शेती आहे ते आधी, असं त्यानं मनाशी ठरवलं, आणि रविवारी स्वतः प्रत्येक दारात गेला. हे काम फोनवर करायचं नाही, एवढं त्याला कळत होतं. लोक शिव्या देतील, अंगावर येतील, अशी मनाची तयारी करून गेला होता. तसं कुणीच केलं नाही. प्रत्येक घरात त्याला खुर्ची दिली, चहा दिला. "असू दे आण्णा. तुमी हायसा न्हवं, मग आमाला काय काळजी?" एका घरात तर म्हातारीनं त्याच्याच पाठीवरनं हात फिरवला.

आपण आहोत, मग काळजी नाही, हे भरमूनं खरं मानलं. आयुष्यभर तेच तर खरं होतं. दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत डबा न खाता तो उद्यमबागेतल्या बाकीच्या कारखान्यांत फिरायला लागला. पहिल्याच गेटवर वॉचमननं खुर्चीतनं न उठता विचारलं, "यारु बेकु?"

कोण पाहिजे, या प्रश्नाचं उत्तर भरमूपाशी नव्हतं. त्याला कुणी पाहिजे नव्हतं, त्याच्याकडची माणसं कुणाला पाहिजेत काय, हे विचारायचं होतं. "नानु भरमू," तो म्हणाला. मी भरमू. मग कारखान्याचं नाव सांगितलं, सांबऱ्याच्या लाईनीचा मिस्त्री म्हणून सांगितलं. वॉचमननं ऐकून घेतलं आणि सांगितलं, इथं काम नाही. दोन गल्ल्या ओलांडल्या, की आपलं नाव कुणाला माहीत नाही, हे इतक्या वर्षांत भरमूच्या ध्यानात आलं नव्हतं. यायचं कारणच पडलं नव्हतं.

असाच एकदा तो चहाच्या गाड्यावर उभा असताना समोरून भावकू आला. भावकू खानापूरच्या बाजूच्या एका खेड्यातला, पंपाचे भाग करणाऱ्या कारखान्यात मिस्त्री. दोघांची जुनी ओळख. भावकूनंही आपल्या गावची माणसं अशीच एकेक करून आणली होती. त्याला बघून भरमूच्या जीवात जीव आला. ह्याच्याकडं कसं सुचलं नाही आपल्याला, असं वाटून त्यानं घाईनं दोन चहा सांगितले. भावकूही लगबगीनं जवळ आला, आणि नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधीच दोघं एकदम बोलले.

"भावकू, तुमच्याकडं दोन-तीन पोरं..."

"आण्णा, आमची चार माणसं हाईत, तुमच्या लाईनीवर..."

दोघंही थांबले. भावकूला आधी हसू फुटलं, मग भरमूलाही. गाडेवाला बघायला लागला. चांगले पोट धरून हसले दोघं. मग भावकूनं डोळे पुसले आणि म्हणाला, "तुमच्याकडंच यायला निघालतो मी. म्हटलं भरमू आण्णा कायतरी करतील."

"माझं बी तसंच," भरमू म्हणाला.

चहा झाला. पैसे कुणी द्यायचे यावर थोडी ओढाताण झाली. मग भावकू आपल्या गल्लीला वळला, भरमू आपल्या.

दिवाळीला बोनस झाला नाही, मिठाईचा बॉक्स तेवढा मिळाला. दिवाळी झाल्यावर नागेंद्र साहेबांनी पुन्हा बोलावलं. या वेळी नावं विचारली नाहीत. सांबऱ्याची लाईन पूर्ण बंद, कोअरचं खातंही बंद. जुनी लाईन कशीबशी चालवायची. भरमूनं राहावं, मशिनी गंजू नयेत म्हणून बघावं, तेल-ग्रीस करावं.

"मला बी काडा साहेब," भरमू म्हणाला.

"असं नका करू आण्णा. लाईन परत सुरू झाली तर तुमच्याशिवाय कोण आहे?"

त्या 'परत सुरू झाली तर' वर भरमू राहिला.

विक्रम घरी बसला. इंदुताई घरी बसली. रविराजला हे कळलं तेव्हा तो ताटावर होता. घास हातात धरून म्हणाला, "मग मला काडून काय मिळालं आप्पा? सगळेच जायाचे हुते तर मी तेवढं दोन म्हयने तरी काम केलं असतं."

नागुबाई म्हणाली, "जेव गप." पण तीही भरमूकडं बघत नव्हती.

निपाणीकडचं एक स्थळ रविराजसाठी आलं होतं. तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस असलेला बाप, मुलगी शिकलेली. बोलणी जवळजवळ झाली होती. त्यांनी नकार दिला नाही, फक्त फोन यायचा बंद झाला. नागुबाईनं दोनदा केला, तेव्हा 'आमी कळवतो' म्हणाले. मग तिनंही सोडून दिलं.

आता सकाळच्या बसला भरमू एकटाच चढायचा. बाकीच्या सीटवर कॉलेजची पोरं, बाजारला जाणाऱ्या बायका. कारखान्यात जाऊन तो थंड पडलेल्या लाईनीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा. साखळ्यांना ग्रीस लावायचा, मशिनी जरा वेळ चालू करून बंद करायचा. पगार मिळायचा, आणि तो घरी आणताना त्याला गल्लीतनं जायचं व्हायचं. पगाराच्या दिवशी तो मागच्या बाजूनं, विमानतळाच्या कुंपणाकडच्या वाटेनं घरी यायला लागला.

गावातली पोरं वाट फुटेल तिकडं गेली. काही गोव्याला हॉटेलात. एक जण एजन्सीमार्फत विमानतळावर सामान चढवायला लागला. रविराज बेंगळूरला गेला, पार्सल पोचवायच्या कामाला. जाताना आईच्या पाया पडला, बापाच्याही पडला, पण 'येतो आप्पा' म्हणाला नाही. इंदुताई शहरातल्या मंगल कार्यालयात भांडी घासायला जाऊ लागली, तेही लग्नसराईपुरतं. आधी ती आठवड्यातनं एकदा तरी येऊन विचारायची, "आण्णा, काय कळलं काय?" भरमू म्हणायचा, "बगू, हुईल कायतरी." एकदा ती आली नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. ती विचारायला यायची तेव्हा भरमूला तोंड लपवावंसं वाटायचं. यायची थांबली तेव्हा तो संध्याकाळी सोप्यात बसून दाराकडं बघत राहायचा.

संक्रांत झाल्यावर नीलम नावाची एक मुलगी गावात आली. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेत अर्थशास्त्राचा अभ्यास करत होती. परदेशातल्या धक्क्यानं इथल्या कामगारांचं काय होतं, काम गेलेल्याला पुन्हा काम कसं मिळतं, हे ती गावोगाव फिरून विचारत होती. कुणीतरी तिला भरमूकडं पाठवलं. भरमूनं तिला घरोघर नेलं. ती खाली सतरंजीवर बसायची, सगळ्यांशी नीट बोलायची. पहिलं काम कुणी मिळवून दिलं, हा प्रश्न ती सगळ्यांना विचारी. प्रत्येक घरातली माणसं दारात उभ्या असलेल्या भरमूकडं बोट दाखवायची.

तीन-चार दिवसांनी निघताना ती भरमूच्या सोप्यात चहाला बसली. नागुबाईनं पोहे केले होते.

"काय सापडलं बाई तुमाला?" भरमूनं विचारलं.

"अजून बरंच बघायचं आहे काका. पण एक गोष्ट दिसली. काम गेल्यावर माणूस ओळखीच्यांना विचारतो. इथं सगळ्यांच्या ओळखीचे लोक त्याच लाईनीवरचे. सगळ्यांचं काम एकदमच गेलं, मग विचारायचं कुणाला? ज्या घरातला एखादा माणूस आधीपासून दुसरीकडं होता, कुणी दुधाच्या गाडीवर, कुणी विमानतळावर, त्या घराला काहीतरी लवकर मिळालं."

भरमूनं हातातली बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "म्हंजे मी सगळ्यास्नी एकाच दावणीला बांधलं."

"नाही हो काका! तुमची चूक आहे असं नाही म्हणत मी. तुम्ही नसता तर या लोकांना ते कामही मिळालं नसतं."

"मग चूक कुणाची?"

"तसा कुणी एक माणूस नाही काका. धक्का बाहेरून आला."

"बाहेरनं म्हंजे कुठनं? मला नाव सांगा. मी जाऊन बोलतो."

तो चेष्टेत बोलत नव्हता, हे तिच्या लक्षात आलं. भरमूनं पुन्हा विचारलं, "तुमी हे लिवल्यावर आमचं काय हुईल?"

"लगेच काही होणार नाही," नीलम म्हणाली. खोटं बोलली नाही, त्याबद्दल भरमूला ती आवडली. तो तिला स्टॉपपर्यंत पोचवायला गेला. बस सुटल्यावर मात्र त्याचे पाय घराकडं वळेनात. इतकी वर्षं ज्या गोष्टीच्या जोरावर तो ताठ मानेनं चालला, तीच आज त्या पोरीनं उलटी करून त्याच्या हातात ठेवली होती. आणि तिच्यावर रागावताही येत नव्हतं. एकाला नेलं, त्यानं भावाला आणलं, भावानं मेहुण्याला. यात दुसरं काय करायचं होतं? कुणाला 'तू येऊ नगंस, तुझा भाऊ हाय की तिथं' असं कसं म्हणायचं?

पाडव्याच्या आसपास कारखान्यात हालचाल दिसली. ट्रॅक्टरचे भाग घेणारा नवा बायर मिळाला होता, देशातलाच. लाईन सुरू होणार होती. भरमू त्या दिवशी कारखान्यातनं सुटल्यावर गल्लीतनंच घरी आला. दारातनंच ओरडला, "नागू! लाईन सुरू व्हायालीया!" हळू बोला, असं नागुबाई म्हणाली नाही. तिनं देवापुढं साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो आपणहून केबिनमध्ये गेला. "कवापासनं आणू माणसं?"

नागेंद्र साहेब उठून उभा राहिला. ते बघूनच भरमूला काहीतरी कळलं.

"आण्णा, आता आम्ही थेट कुणाला घेणार नाही. एजन्सी माणसं देणार. काम असलं की पाठवतात, नसलं की घेऊन जातात. पुन्हा असं झालं तर कुणाला घरी बसवायची पाळी आपल्यावर यायला नको."

"आमची माणसं शिकलेली हाईत साहेब. पयल्या दिवशी माल काडतील."

"मला माहीत आहे. त्यांना सांगा, एजन्सीत नावं द्या. माझ्या हातात असतं तर..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. ज्याला वाळूचे हत्ती करून दिले होते तो पोरगा भरमूला अगदी थकलेला दिसला. त्याच्याही हातात नाही, हे भरमूला पटलं. मग कुणाच्या हातात आहे, हे त्यानं विचारलं नाही.

गावात सांगितल्यावर फारसं कुणी हललं नाही. गोव्याला गेलेली पोरं परत यायला तयार नव्हती, एजन्सीचा पगार आधीपेक्षा कमी होता. विक्रमनंही दुधाच्या गाडीवर काम धरलं होतं. करिष्माला मुलगी झाली होती. "मामा, मी हितंच बरा हाय," तो म्हणाला, आणि नजर मुलीच्या दुपट्यावर ठेवली. इंदुताई तेवढी तयार झाली. भरमू स्वतः तिला घेऊन एजन्सीच्या ऑफिसात गेला. शहरात, एका मोबाईलच्या दुकानाच्या वर ते ऑफिस. काउंटरवरच्या मुलीनं इंदुताईचं आधार कार्ड बघितलं आणि परत दिलं. "वय जास्त होतंय. चाळीसच्या आतले पाहिजेत."

"हिच्यासारखं कोअर अख्ख्या उद्यमबागेत कोण करत न्हाय," भरमू म्हणाला. "मी मिस्त्री हाय तिथला. माझं नाव सांगा वर."

"काका, नावाचं काही नसतं. कॉम्प्युटर घेतच नाही," मुलगी म्हणाली. उद्धटपणे नाही, सांगायचं म्हणून. तिच्यामागं भिंतीला टेकून उत्तरेकडची पोरं बॅगा घेऊन बसली होती, दोन दिवसांचा प्रवास करून आलेली, डोळे तांबारलेले. त्यांना त्याच लाईनीवर जायचं होतं.

जिना उतरताना इंदुताई म्हणाली, "चला आण्णा. तुमची सुट्टी मोडली उगीच."

"ताई, मी आणिक एकदा साहेबास्नी..."

"नगं," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं त्याला पहिल्यांदाच नको म्हटलं होतं.

ती पोरं आता भरमूच्या हाताखाली काम करतात. शेडमागच्या खोल्यांत राहतात, एकाच फोनवर आळीपाळीनं घरी बोलतात. भरमू त्यांना मोडक्यातोडक्या हिंदीत शिकवतो. वाळू मुठीत धरून दाबायची, मोडून बघायची, ओल कळते. पोरं चांगली आहेत, लवकर शिकतात. त्यांच्यावर राग धरायचा त्यानं सुरुवातीला प्रयत्न केला, पण जमलं नाही. एकाला लोखंडाचा शिंतोडा उडून पायाला भाजलं, तेव्हा भरमूच त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला. पंधरवड्यानं परत बघतो तर त्या पोराच्या जागी दुसराच उभा. एजन्सीनं बदलला, म्हणाले. भरमूला त्याचं गावसुद्धा विचारायचं राहून गेलं होतं.

रविवारी सोप्यात आता कुणी येत नाही. पोरांना कामाला लावायचं असलं, की लोक विमानतळावर सामान चढवणाऱ्या त्या पोराकडं जातात. तो पंचविशीचा, त्याला अजून हे नीट पेलत नाही, पण शिकेल. रविराजचा फोन येतो, आईच्या मोबाईलवर. नागुबाई बोलून झालं, की फोन भरमूच्या हातात देते. "जेवलास काय रं?" भरमू विचारतो. "जेवलो," रविराज म्हणतो. मग दोघंही थोडा वेळ पलीकडचा आवाज ऐकत राहतात.

इंदुताई कधी वाटेत भेटते, कार्यालयातनं परत येताना, हातात उरलेल्या बुंदीची पिशवी. ती थांबते. कारखान्याचं चुकूनही विचारत नाही. नागुबाईचा गुडघा कसा आहे म्हणून विचारते, रविराजला यंदा आंबे पाठवले काय म्हणून विचारते, आणि बुंदीतली थोडी पुडीत बांधून देते. भरमूला कळतं, ती आपल्याला सांभाळून घेते आहे. तो पुडी घेतो. "बरं हाय ताई," म्हणतो, आणि घराकडं चालायला लागतो.